तोंड न उघडण्याची पैज

आठवड्यातले पाच दिवस मी कुत्रा असते, उरलेले दिवस माणूस. आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं असं, की कुत्रा असते तेच दिवस बरे, तेवढं तोंड तरी बंद असतं.

आमची शाळा अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करते. एक कुत्रा तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. इतक्या कष्टानं घडवलेलं जनावर पहिल्याच दिवशी नवख्याच्या हातात दिलं, तर माणूस घाबरून ओढाताण करतो, कुत्रा गोंधळतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून आधी माणसाला शिकवायचं, आणि ते शिकवताना कुत्र्याच्या जागी आम्ही उभं राहायचं. कुत्र्याच्या अंगावर असतो तसला एक पट्टा मी कमरेला अडकवते. त्याला मागच्या बाजूला ताठ दांडी जोडलेली असते, ती शिकणाऱ्याच्या डाव्या हातात. रांगायबिंगायचं नाही, दोन पायांवरच चालायचं, पण त्याच्या अर्धं पाऊल पुढं. त्यानं 'पुढं' म्हटलं की निघायचं, 'डावं' म्हटलं की डावीकडं वळायचं, पायरी आली की थांबायचं. आणि बोलायचं नाही.

लोक हसतात. हसू देत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं कुत्र्याचं सोंग कधी आणलेलं नसावं. गप्प बसणं सोपं आहे, ते कुणीही करेल. अवघड आहे ते मत नसणं. मागचा माणूस भलत्याच गल्लीत वळायला सांगतो, आपल्याला दिसतंय की दुकान दुसरीकडं आहे, तरी मुकाट वळायचं. वाटेत काय आहे ते कुत्र्याला कळतं. कुठं जायचं ते कुत्र्याला माहीत नसतं, ते दांडी धरणाऱ्याला माहीत असतं. हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगते आणि शेवटच्या दिवसापर्यंत निम्म्यांना ते पटलेलं नसतं.

शिवणबाईंना ते लगेच पटलं. त्यांची भानगड वेगळीच होती.

शिवणबाई हे मी मनात ठेवलेलं नाव. साठीच्या आसपासची, ताठ मानेची बाई. शिवणाचा क्लास चालवायच्या, अर्ध्या गावाला कात्री धरायला त्यांनी शिकवलं. मग काचबिंदूनं हळूहळू नजर गेली, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं बाहीवरून फिरवत म्हणाल्या, "मॅडम, ही शिलाई कुणी मारली? टाका सैल आहे. धुतल्यावर उसवणार." उसवली.

तर भानगड अशी, की त्यांना मला हुकूम सोडता येईना. आमच्या अंगणात आम्ही एक खोटा रस्ता उभा केलाय. खोटा फूटपाथ, विजेचा खांब, कपाळाच्या उंचीवर टांगलेली पत्र्याची पाटी, इंजिन नसलेली एक जुनी मोटार. त्या रस्त्याच्या तोंडाशी आम्ही उभ्या होतो. दांडी त्यांच्या हातात, मी पट्ट्यात.

"मॅडम, जरा पुढं चलता का?"

कुत्रा हलला नाही.

"मॅडम? निघायचं ना?"

शेवटी मी वळून माणूस झाले. "बाई, कुत्र्याला तुम्ही अहो-जाहो करणार का?"

"पण तुम्ही कुत्रा कुठं आहात?"

"आत्ता आहे. हा पट्टा काढेपर्यंत आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे आत्ता मी तुम्हाला काहीही बोलले, तर ते तुम्हाला बोललेलं नसणार?"

"कुत्र्याला बोललेलं असणार."

"हे बरंय की," त्या म्हणाल्या. "हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं."

कशाला बरं झालं असतं, ते विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलायचा नाही. पण कुत्रे विचारत नाहीत. दोन-तीन दिवसांत शिवणबाई "पुढं" खणखणीत म्हणायला लागल्या, आणि एकदा मी मुद्दाम रेंगाळले तर "अगं, झोपलीस का?" म्हणून खेकसल्या. लगेच जीभ चावली. मला मात्र इतका आनंद झाला की विचारू नका.

खरी अडचण बाकावर बसलेली होती.

बाईंचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. अंगानं धिप्पाड, आवाज हॉर्नसारखा. ते रोज बाईंना घेऊन यायचे आणि रोज बाकावर बसून आमचा धडा बघायचे. घेऊन यायचे म्हणजे कसे, तर मनगट धरून. बाई चालायच्या असं म्हणता येणार नाही, त्या नेल्या जायच्या. आणि धडा चालू असताना बाकावरून सतत सूचना. "अगं, खांब! खांब आला! मॅडम, तिला सांगा की!" खांब मला दिसत होता. मी त्याच्यासाठीच थांबले होते. पण कुत्र्यानं कुणाला काय सांगावं?

त्यांचं मत त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "मी धडधाकट असताना कुत्रं कशाला? जायचं असेल तिथं मी नेतो. बाजारात नेतो, दवाखान्यात नेतो. कधी नाही म्हटलंय का? विचारा तिला."

"नाही, कधी नाही म्हटलं नाही," बाई म्हणाल्या.

आता आमचा एक कडक नियम आहे. घरातल्या एकाचाही विरोध असेल, तर त्या घरात कुत्रा द्यायचा नाही. नियम कुत्र्यासाठी आहे. नकोशा घरात तो मिटतो. शिवणबाईंसाठी मी मनाशी काळीला धरून ठेवलं होतं. ही आमची तयार झालेली कुत्री. शांत, सावकाश चालणारी, गर्दीत न बिचकणारी. दोघींची चाल इतकी जुळत होती, की दुसऱ्या कुणाला ती द्यायची या विचारानंच माझं डोकं फिरायचं. पण काळी तयार झाली होती आणि तिला असंच ठेवता येणार नव्हतं. आठवड्याच्या शेवटी निर्णय व्हायचा होता. यजमान हो म्हणाले तर काळी शिवणबाईंची, नाही तर रांगेतल्या पुढच्या माणसाची.

आणखी एक गोष्ट मला कुरतडत होती. कुत्रा द्यायच्या आधी आम्ही विचारतो, की तुम्ही नेहमी जाल अशा तीन वाटा सांगा. त्या वाटा कुत्र्याला आणि माणसाला जोडीनं शिकवायच्या असतात. शिवणबाईंनी बाजार सांगितला, दवाखाना सांगितला.

"आणि तिसरी?"

"तिसरी आहे," त्या म्हणाल्या. "पण ती सांगायची नाही. जायची आहे."

बाकावरून ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "तिसरं कुठं जाते ही? कुठंच जात नाही."

मी मात्र त्या रात्री जेवतानासुद्धा तिसऱ्या वाटेचाच विचार करत होते. माहेर? देऊळ म्हणावं, तर सांगायला काय हरकत होती? जुनी मैत्रीण? कुणी जुना... छे, असंही वाटून गेलं, मी काही संत नाही.

स्फोट दुसऱ्या दिवशी झाला. आम्ही टांगलेल्या पाटीपाशी आलो होतो. या पाटीखालून मी आरामात जाऊ शकते, बाईंचं कपाळ मात्र आपटेल. म्हणून कुत्र्यानं थांबायचं. बाईंनी "पुढं" म्हटलं, मी हलले नाही. हाच खरा धडा असतो: हुकूम आला तरी पुढं धोका असेल तर कुत्रा ऐकत नाही, आणि माणसानं त्या न ऐकण्यावर विश्वास ठेवायचा. बाई थांबल्या, हात वर करून चाचपणार, इतक्यात बाकावरून गर्जना झाली, "पाटी आहे, पाटी! वाक!" बाई दचकून पुढं झाल्या आणि कपाळ टणकन पाटीवर आपटलं.

माझा पारा चढला. मी पट्टा काढला, तडक बाकापाशी गेले आणि तो त्यांच्या मांडीवर टाकला. "इतकं कळतंय ना तुम्हाला? मग या. तुम्हीच व्हा कुत्रा."

मला वाटलं होतं, माणूस चिडेल, बायकोचं मनगट धरेल आणि चालायला लागेल. पण ड्रायव्हरसाहेबांनी पट्टा उचलून उलटसुलट करून बघितला, दांडी कशी बसवलीय ते तपासलं. "यात काय अवघड आहे?" ते म्हणाले. "आयुष्यभर गाडी चालवलीय. माझ्या गाडीतून कुणी पडलं नाही."

पहिली फेरी म्हणजे तमाशा होता. बाई "पुढं" म्हणायच्या आत साहेब निघाले. खांबाला वळसा घालताना "सांभाळ" म्हणाले. बाईंनी "उजवं" म्हटलं, तर हे डावीकडच्या बाकाशी जाऊन उभे.

"इकडं का आणलं?" बाईंनी विचारलं.

"दमली असशील म्हणून."

"मी सांगितलं होतं का दमले म्हणून?"

"सांगायला कशाला लागतं?"

मी मधे पडले. कुत्र्याला कुठं जायचं ते माहीत नसतं, हे माझं ठरलेलं वाक्य त्यांना ऐकवलं. साहेब कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. "मग त्याला माहीत काय असतं?"

"वाटेत काय आहे, एवढंच."

"म्हणजे रूट पॅसेंजर ठरवणार?"

"अगदी."

"असली बस मी जन्मात चालवली नाही," ते म्हणाले. पण हे म्हणताना त्यांचा चेहरा चिडका नव्हता. नवीन बनावटीची गाडी दिसली की ड्रायव्हर जसा वाकून बघतो, तसा झाला होता. "पुन्हा एकदा करू."

दुसऱ्या फेरीत बरं जमलं. तिसरीत आणखी बरं. माणूस कामाचा पक्का होता, ते कबूल करायलाच हवं. पायरीपाशी असा अलगद थांबला की दांडीला हिसका नाही. पाटीपाशी थांबला, बाईंनी हात वर केला, पत्रा चाचपला, "शाबास" म्हणाल्या. नवऱ्याला शाबास म्हणताना त्यांचं तोंड लाल झालं. नवऱ्याचंही झालं. मी आपली मोटारीच्या टायरकडं बघत राहिले.

दोन दिवस हा सराव चालला. तिसऱ्या दिवशी साहेबांनीच प्रस्ताव टाकला. "मॅडम, पैज लावू. ही म्हणेल त्या रस्त्यानं मी कुत्रा म्हणून जातो. खऱ्या रस्त्यानं, आमच्या दारापासून. मला एकदा जरी तोंड उघडावं लागलं, तर समजायचं की हिला माणूसच हवा, आणि कुत्र्याचा विषय बंद. नाही उघडावं लागलं, तर आणा काळीला."

"मला मान्य आहे," बाई इतक्या झटकन म्हणाल्या, की मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "पण रस्ता मी ठरवणार."

"ठरव की. बाजार नाही तर दवाखाना."

"तिसरा," बाई म्हणाल्या.

सकाळी मी त्यांच्या दारात हजर झाले. माझं काम दोन पावलं मागं राहायचं आणि अगदी जिवावर बेतलं तरच मधे पडायचं. साहेबांनी पट्टा कमरेला बांधला. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मग आत गेलं, मग दोन डोकी बाहेर आली. साहेब त्यांच्याकडं बघून काहीतरी सुनावणार होते. तोंड उघडलंही होतं. त्यांनी ते मिटून घेतलं.

"पुढं," बाई म्हणाल्या.

त्यांचा रस्ता पाठ होता. पावलं मोजत नव्हत्या, ऐकत होत्या. पिठाच्या गिरणीची घरघर आली तेव्हा "उजवं". लोखंड कापायच्या दुकानातला कर्कश आवाज मागं पडल्यावर "डावं". रुंद रस्त्यापाशी थांबून वाहनं कुठून कुठं जातायत ते कान देऊन ऐकलं आणि मग "पुढं". पण साहेब हलले नाहीत. बाईंनी पुन्हा "पुढं" म्हटलं. साहेब दगडासारखे उभे. बाई क्षणभर घुटमळल्या आणि थांबल्या. त्यांच्या नाकासमोरून एक विजेवर चालणारी स्कूटर गेली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही, नुसती हवा सरकली.

ती हवा बाईंच्या तोंडाला लागली असणार. "शाबास," त्या म्हणाल्या, आणि या वेळी लाजल्या नाहीत. साहेबांच्या मानेवर घामाचे थेंब उभे राहिले होते. एरवी हा माणूस तिथं केवढ्यानं ओरडला असता!

मी मागून चालत होते आणि गंमत बघत होते. हाच नवरा, हीच बायको, रस्ताही तसाच. रोज हा मनगट धरून पुढं असतो, आजही पुढंच आहे. फरक काय, तर एक पट्टा आणि कुत्रा असल्याचं नाटक. पण बाईंची मान वर होती, आणि साहेब रस्त्याकडं असं बघत होते की जणू आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचा थांबा माहीत नव्हता. ते अधूनमधून वळणाच्या आधी मान कलती करायचे. कुठं चाललीय ही, हे त्यांनाही माझ्याइतकंच जाणून घ्यायचं होतं.

मग आम्ही एका कोपऱ्यावर आलो. टपालपेटी, बंद पडलेलं घड्याळाचं दुकान, त्याच्या बाजूनं आत जाणारी गल्ली.

"डावं," बाई म्हणाल्या.

साहेब थांबले.

बाईंनी पाय पुढं सरकवून चाचपलं. पायरी नव्हती. हात वर करून बघितलं, पाटी नव्हती. कान दिला, गल्लीत चिटपाखरूही नव्हतं. मलाही धोका काही दिसत नव्हता. साहेबांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कळलं, की त्यांना गल्ली ओळखू आली आहे.

"तुला थांबायला काय झालं, ते मला माहितेय," बाई हळूच म्हणाल्या. जन्मभर 'अहो' म्हटलेल्या माणसाला त्या 'तू' म्हणत होत्या, आणि त्या माणसाला ते ऐकून घ्यावं लागत होतं, कारण तो कुत्रा होता. "इथं ताई राहते. चार वर्षांपूर्वी ती तुला म्हणाली, भावोजी, तुम्ही हिला वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर हिचे डोळे राहिले असते. सगळ्यांसमोर म्हणाली. तेव्हापासून तू तिच्या घराची पायरी चढला नाहीस. मग मीही नाही. कारण मला नेणारा तूच."

साहेबांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गल्लीत जावं लागलं नसतं, कुत्रंही घरात आलं नसतं, दोन्ही गोष्टी एका दमात मनासारख्या झाल्या असत्या. त्यांचे ओठ हलले. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायला मी कायम तयार असते. पण तेव्हा मी घड्याळाच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचत बसले.

"मी कधी मागितलं नाही," बाई म्हणाल्या. "मागितलं असतं तर तू नेलं असतंस, आणि दारात उभा राहिला असतास तोंड फिरवून. तसं मला जायचं नव्हतं. आता ऐक. मघाशी त्या गाडीच्या वेळी तू उभा राहिलास आणि मी तुझं ऐकलं. आताही ऐकेन. पुढं धोका असेल तर उभा राहा, आपण परत जाऊ. नसेल तर डावं."

टपालपेटीत कुणीतरी येऊन पत्र टाकून गेलं आणि जाताना आमच्याकडं वळून वळून बघत गेलं. मग दांडी हलली. साहेब डावीकडं वळले.

ताईच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीपाशी साहेब नीट थांबले, बाईंनी पायानं पायरी शोधली, दोघं वर गेले. बाईंनी हातानं चाचपून घंटी वाजवली. दार उघडणारी बाई शिवणबाईंसारखीच ताठ मानेची होती, फक्त केस पूर्ण पांढरे.

"अगं बाई!" तिनं चौकटच धरली. "तू? कुणाबरोबर आलीस? कुणी आणलं तुला?"

"कुणी आणलं नाही ताई. मी आले."

ताईची नजर साहेबांवर गेली. मग पट्ट्यावर, मग दांडीवर, मग पुन्हा साहेबांवर. "आणि हे काय?"

"हा कुत्रा आहे," शिवणबाई म्हणाल्या. "हसू नकोस. आज त्याला बोलायची परवानगी नाही."

ताई हसली नाही. साहेब जमिनीकडं बघत होते. मग ताईच उंबऱ्यापर्यंत पुढं आली, त्यांच्यासमोर.

"बोलता येत नाही ना? मग बरंय," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नसतं. भावोजी, तेव्हा मी बोलले तो माझा राग होता. तिची नजर चाललीय हे मला बघवत नव्हतं आणि राग कुणावर तरी काढायचा होता, तुम्ही समोर होतात. मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं. दोघंही म्हणाले, की आणखी सहा महिने आधी नेलं असतं तरी जास्तीत जास्त थोडे दिवस मिळाले असते. हे कळल्यावर मी यायला हवं होतं. आले नाही. कुठल्या तोंडानं येऊ, असं झालं होतं मला."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाक ओढायचंसुद्धा नाही, असं जणू त्यांनी ठरवलं होतं. चार वर्षं त्यांनी ताईच्या त्या जुन्या वाक्याला किती उत्तरं तयार करून ठेवली असतील, देव जाणे. आणि आता ताई समोर आली, तर उत्तर द्यायची सोयच नव्हती. ऐकून घेण्याखेरीज करायला दुसरं काहीच नव्हतं. मला वाटतं, त्याशिवाय तिचं म्हणणं ऐकलंच गेलं नसतं. मी हे काम इतकी वर्षं करतेय, पण कुत्र्याचं सोंग या कामाला येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"मॅडम," शिवणबाई म्हणाल्या, "पट्टा काढा त्यांचा. झाली पैज."

मी पुढं होऊन बक्कल सोडलं. आता साहेब माणूस झाले, बोलायला मोकळे. ताई वाट बघत होती. मीही. आता हे ताईला काय म्हणतात, चांगलं की वाईट? पण ते ताईकडं वळलेच नाहीत. बायकोकडं वळले, आणि त्या हॉर्नसारख्या आवाजाचं कुठं काय झालं कोण जाणे, लहान मुलासारखं विचारलं,

"मग आता मी काय करायचं?"

कुणाला हसू आलं नाही. मला तर एकदम सगळंच कळलं. धडधाकट असताना कुत्रं कशाला, खांब, पाटी, मनगट, सगळं. चार वर्षं हा माणूस एका आरोपाला उत्तर देत होता. वेळेवर नेलं नाही म्हटलं होतं ना, म्हणून जिथं तिथं नेत होता. आता नेणंच गेलं, तर याच्याकडं उरलं काय?

शिवणबाईंनी हात पुढं करून त्यांची बाही शोधली. "तुम्ही घरी थांबायचं," त्या म्हणाल्या. पट्टा सुटला होता, तसं 'अहो' परत आलं होतं. "चार वर्षांत मी एकदाही बाहेरून घरी आलेली नाही. तुम्ही बरोबर असता. जे मी ऐकलं ते तुम्ही ऐकलेलं, जे घडलं ते तुमच्यासमोर घडलेलं. मला तुम्हाला सांगायला काही उरतच नाही हो. आपण दोघं घरात बसतो आणि दोघांकडं बोलायला काही नसतं. मला बाहेर जायचंय, आणि मग घरी यायचंय. दार तुम्ही उघडा."

साहेबांनी तोंड पुसलं. ताई चौकटीतून बाजूला झाली, तेव्हा त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडं. पट्टा माझ्या हातात होता, त्याकडं बोट दाखवून त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम," ते म्हणाले, "ती काळी खाते काय?"